मंडप, जंगल आणि 'छावा'

'छावा' पडद्यावर आला त्याला वर्ष उलटून गेले. १४ फेब्रुवारी २०२५ रोजी लक्ष्मण उतेकरांचा संभाजीराजांवरचा हा चित्रपट लागला आणि पुढचे काही आठवडे प्रेक्षकाचे मत म्हणजे प्रेक्षकाच्या डोळ्यांतले पाणी, असे जणू ठरूनच गेले. दिवे लागले की कुणीतरी फोन उभा धरायचा. कुणी घोषणा द्यायचे, कुणी हुंदके द्यायचे, आणि संध्याकाळपर्यंत त्याचे चित्रण सगळीकडे फिरत असायचे. गुजरातेत भरूचला एका प्रेक्षकाने पडदाच फाडला. असीरगडाच्या परिसरात लोक रात्री टॉर्च घेऊन मोगलांचे सोने शोधायला शेते उकरू लागले. १७ मार्चला नागपुरात दंगल उसळली आणि दुसऱ्याच दिवशी मुख्यमंत्र्यांनी विधानसभेत, या चित्रपटामुळे औरंगजेबाविरुद्धच्या लोकभावना जाग्या झाल्याचे सांगितले. चित्रपटाबद्दलच्या मताची नोंद विधानसभेच्या कामकाजात व्हावी, असे मराठी प्रेक्षकाच्या वाट्याला क्वचितच आले असेल.

या गदारोळात खरी मते मात्र दबून गेली. अक्षय खन्नाचा थकलेला, थंड औरंगजेब नायकावर मात करून जातो, हे अनेकांना जाणवले. ए. आर. रहमानच्या संगीताला मराठी मातीचा वास नाही, अशी कुरकूर होती. रश्मिका मंदानाचे बोलणे येसूबाईंना शोभत नाही, असे तर घरोघरी ऐकू आले. ज्यांनी शिवाजी सावंतांची 'छावा' वाचली होती त्यांची तक्रार आणखी वेगळी. १९७९ची ती जाडजूड कादंबरी संभाजीराजांना बालपणापासून हाताशी धरून चालते. संस्कृतात 'बुधभूषणम्' लिहिणारा युवराज, दरबारातल्या मसलती, बापलेकांतले अंतर, सगळे सावकाश उलगडते. चित्रपट बुऱ्हाणपूरच्या लुटीपासून सुरू होतो आणि त्याची सगळी ओढ शेवटच्या छळाकडे असते. कादंबरीतला कवी पडद्यावर मागे राहिला.

आक्षेपांनी चित्रपट बदललाही, पण ते आक्षेप वेगळ्या वजनाचे होते. ट्रेलरमध्ये राजे लेझीम खेळताना दिसले, पुढारी बोलले आणि दृश्य गळाले. गणोजी आणि कान्होजी गद्दार दाखवले म्हणून शिर्के घराण्यातले लोक उभे राहिले. दिग्दर्शकाने आडनाव कुठेही घेतले नसल्याचे सांगत माफी मागितली. तिकीट काढून आलेल्या साध्या माणसाचे म्हणणे त्यात कुठे नव्हते.

तसे पाहिले तर संभाजीराजे हे प्रेक्षकांच्या आणि वाचकांच्या मताने घडत आलेले पात्र. गडकऱ्यांच्या अपुऱ्या 'राजसंन्यास'मध्ये आणि औंधकरांच्या 'बेबंदशाही'त ते व्यसनी, उतावळे दिसतात. वा. सी. बेंद्रे यांचे चरित्र १९६०मध्ये आले, कमल गोखले यांचे 'शिवपुत्र संभाजी' १९७१मध्ये. मधल्या काळात कानेटकरांनी 'रायगडाला जेव्हा जाग येते' आणि 'इथे ओशाळला मृत्यू' लिहिली. सावंतांची कादंबरी या सगळ्यानंतरची. पुढे मालिका आल्या, दोन-तीन मराठी चित्रपट आले, २०१७च्या जानेवारीत पुण्यातला गडकऱ्यांचा पुतळा उखडून नदीत टाकला गेला. पुण्या-मुंबईचा हा सगळा प्रवास अनेकांनी अनेकदा सांगितलेला आहे. तो इथे लांबवण्यात अर्थ नाही; त्यापेक्षा पूर्व विदर्भाकडे जाऊ.

नागपूरच्या दक्षिणेला दीडेकशे किलोमीटरवर चंद्रपूर आणि त्याच्या पलीकडे, २६ ऑगस्ट १९८२ला त्यातूनच वेगळा झालेला गडचिरोली जिल्हा. इथल्या झाडीपट्टीतल्या, म्हणजे या जंगलपट्ट्यातल्या, माणसाला युद्धाची गोष्ट पाहायला थिएटर कधी लागले नाही. धान कापून, चुरून झाले, दिवाळी सरली की मंडई म्हणजे जत्रा भरते, बैलांच्या शर्यतींचा शंकरपट लागतो आणि गावात नाटक लागते. ते होळीपर्यंत चालते. वडसा म्हणजे देसाईगंज हे या व्यवसायाचे ठाणे. नाटक कंपन्यांची कार्यालये तिथे ओळीने आहेत आणि गावोगावची मंडळे तिथे येऊन तारखा पक्क्या करतात. रात्री दहाच्या सुमारास सुरू झालेला प्रयोग पहाटेपर्यंत चालतो. लेकी माहेरी येतात, पाहुणे जमतात, सोयरिकीसुद्धा त्याच गर्दीत जुळतात.

'सिंहाचा छावा' हे नावही नाटकाच्या या मंडपाला नवे नाही. कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीचे परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा त्यांच्या गाजलेल्या नाटकांत 'एकच प्याला', 'लग्नाची बेडी' यांच्या जोडीला 'सिंहाचा छावा'ही मोजले गेले. शेतकरी असलेला हा नट 'एकच प्याला'तला तळीराम म्हणून जितका लोकांच्या तोंडी होता, तितकाच तलवारीच्या नाटकांतल्या भूमिकांसाठीही.

या मंडपातला प्रेक्षक फार खट. राजाचे संवाद लांबले तर तो विनोदी नटाला हाका मारतो. गाणे आवडले तर वन्समोर घेतल्याशिवाय पेटीवाल्याला सोडत नाही. मावळा लंगडत लढला तर मागच्या रांगेतून शेरा येतो आणि तो शेरा तलवार धरलेल्या नटाला ऐकू जातो. नाटक पडले तर पुढच्या वर्षी त्या कंपनीला तारीख मिळत नाही. वडशात बसलेल्या मालकाला गावाचे मत पैशात कळते. नवरगावच्या सदानंद बोरकरांसारखे लेखक-दिग्दर्शक अशाच प्रेक्षकासमोर तावून निघाले. 'माझं कुंकू मीच पुसलं' हे त्यांचे नाटक झाडीबाहेरही नावाजले गेले, ते आधी या मंडपांनी उचलून धरले म्हणून.

या प्रेक्षकाची खरी कसोटी लागली ती २००३ ते २०१३ या दहा वर्षांत. त्याआधीची वीसेक वर्षे थोडक्यात अशी : १९८०च्या नोव्हेंबरात सिरोंच्याकडे नक्षलवादी पेद्दी शंकर मारला गेला, नक्षलवाद्यांचे सशस्त्र दलम आले, १९९०मध्ये पोलिसांचे सी-६० पथक उभे राहिले, दक्षिणेकडच्या एसटी गाड्या संध्याकाळनंतर धावेनाशा झाल्या. २००३पासून नक्षल गावबंदी, म्हणजे नक्षलवाद्यांना गावात येऊ न देण्याची, योजना सुरू झाली आणि गावांनी बाजू घ्यावी असा आग्रह दोन्हीकडून वाढू लागला.

त्या दशकात जंगलातल्या माणसासमोर एकाच वेळी तीन मंच होते. एक कंपनीचा, तिकिटाचा. दुसरा दलमचा : चेतना नाट्य मंचाची पोरे-पोरी ढोल घेऊन यायची, माडिया-गोंडीत गाणी म्हणायची, शहीद साथीदारांची कथा सांगायची. तिसरा पोलिसांचा : जनजागरण मेळाव्यात साड्या, भांडी, क्रिकेटचे साहित्य यांच्या वाटपाबरोबर सांस्कृतिक कार्यक्रम असायचा आणि त्यातून नक्षलवाद्यांचे क्रौर्य सांगितले जायचे. तिन्हीकडे युद्धच होते. पहिल्या मंचासमोर माणूस ओरडू शकत होता, उठून जाऊ शकत होता, नटाची टर उडवू शकत होता. दुसऱ्या आणि तिसऱ्या मंचासमोर त्याने हाताची घडी घालून बसायचे आणि शेवटी टाळी द्यायची. कमी टाळी वाजली तर कुणाच्या वहीत नाव जाईल, याचा नेम नव्हता. त्या दहा वर्षांत जंगलातल्या लढाईविषयी तिथल्या माणसाचे मत काय, असे विचारणारे पत्रकार, अभ्यासक, अधिकारी पुष्कळ येऊन गेले. उत्तर मिळाले नाही म्हणून त्यांनी आदिवासी अबोल असतो असे लिहिले. त्याच आदिवासीला आणि त्याच्या बिगरआदिवासी शेजाऱ्याला कोरची-कुरखेड्याच्या मंडपात रात्रभर बोलताना त्यांनी ऐकायला हवे होते.

२००९ हे वर्ष तर विसरता येत नाही. १ फेब्रुवारीला धानोरा तालुक्यात मरकेगावला नक्षलवाद्यांच्या हल्ल्यात १५ पोलीस मारले गेले. २१ मे रोजी हत्तीगोटाजवळ १६, त्यांत ५ महिला पोलीस. ८ ऑक्टोबरला, विधानसभेचे मतदान पाच दिवसांवर असताना, भामरागडमधल्या लाहेरीला १७. मरकेगाव घडले तेव्हा नाटकांचा हंगाम ऐन भरात होता. मारले गेलेले बरेच पोलीस याच जिल्ह्यांतले, धानाच्या बांधावरून भरतीला गेलेले. मंडपात त्यांचे भाऊबंद बसत.

आणि मुंबई त्या वेळी काय करत होती? २०१०मध्ये अनंत महादेवन यांचा 'रेड अलर्ट' आला, सुनील शेट्टी आचारी होऊन दलमात अडकलेला. २०१२मध्ये प्रकाश झा यांचा 'चक्रव्यूह' आला. त्याचे चित्रीकरण भोपाळ-पचमढीकडे झाले; सातपुड्याचे ते डोंगर बघून दंडकारण्य म्हणायचे, एवढीच प्रेक्षकाकडून अपेक्षा होती. शहरातल्या समीक्षकांनी नायकाची घालमेल, दिग्दर्शकाची तटस्थता असे पुष्कळ लिहिले. पण त्या चित्रपटातले खेडूत भाषण ऐकतात, धावतात आणि मरतात. कुणीही नाटकातल्या राजाला टोमणा मारील असे वाटत नाही. ज्याला मत आहे असा एकही गावकरी या चित्रपटांनी उभा केला नाही, आणि ही तक्रार त्या वेळी फारशी कुणी छापली नाही, म्हणून आता नोंदवलेली बरी.

२०१७चा 'न्यूटन' निराळा होता. अमित मसुरकरांनी तो छत्तीसगडमध्ये दल्ली राजहराकडे चित्रित केला. ७६ मतदारांचे केंद्र, मतदान पार पाडायला आलेला हट्टी कारकून, कंटाळलेला सुरक्षा अधिकारी आणि त्या दोघांपेक्षा परिसर जास्त ओळखणारी स्थानिक शिक्षिका मल्को. हेलिकॉप्टरने उतरून, पायी चालत, दुपारी तीनला मतदान संपवून परतणाऱ्या गडचिरोलीतल्या शिक्षकांना तो विनोद समजावून सांगावा लागला नाही. गंमत म्हणजे मल्को झालेली नाशिकची अंजली पाटील 'चक्रव्यूह'मध्ये बंदूक घेतलेली जुही होती. पाच वर्षांत हिंदी चित्रपटाने तिच्या हातातली बंदूक काढून घेऊन तिला मत दिले. तेवढीच प्रगती.

याच जंगलावर मराठीत कादंबऱ्या आहेत आणि त्या इथेच राहिलेल्या माणसांनी लिहिल्या आहेत. चंद्रपूरचे सुरेश द्वादशीवार यांची 'हाकुमी'. भामरागडजवळच्या हेमलकशात आयुष्य काढलेले विलास मनोहर यांची 'एका नक्षलवाद्याचा जन्म', ज्यात कुठलाही सिद्धान्त न वाचलेला माडिया माणूस वनखाते, पोलीस आणि ठेकेदार यांच्या कचाट्यातून हळूहळू बंदुकीकडे ढकलला जातो. सावंतांच्या कादंबरीला सेहेचाळीस वर्षांनी का होईना, पाचशे कोटींहून अधिक कमाईचा पडदा मिळाला. मनोहरांच्या कादंबरीच्या वाट्याला तसा गाजावाजा कधी आला नाही. २०१४मध्ये समृद्धी पोरे यांच्या चित्रपटातून हेमलकसा महाराष्ट्रभर पोचले, पण ते डॉ. प्रकाश आमटे यांच्या कामाची गोष्ट म्हणून. युद्ध त्यात कडेला उभे होते.

'छावा' चंद्रपुरात पाहताना आणखी एक अडचण होती, तिची चर्चाही झाली नाही. १६८९मध्ये संभाजीराजांना तुळापूरला मारले तेव्हा चांद्यात, म्हणजे आजच्या चंद्रपुरात, गोंड राजांची सत्ता होती. इथल्या महाकालीच्या देवळाशी राणी हिराईचे नाव जोडलेले आहे. मराठे या शहरात आले ते १७५१मध्ये, रघूजी भोसल्यांचे सैन्य म्हणून, आणि गोंड राज्य बुडाले. २१ ऑक्टोबर १८५८ला इंग्रजांनी चांद्याच्या तुरुंगात बाबूराव शेडमाके यांना फाशी दिले. म्हणजे इथल्या जटपुरा दरवाज्याजवळ राहणाऱ्या प्रेक्षकाजवळ युद्धाच्या स्वतःच्या कथा आहेत, आणि त्यांतल्या एकीत मराठे जिंकणारे आहेत. त्याने 'छावा' पाहून रडावे की नाही, हा त्याचा प्रश्न. त्याच्याकडे दुसरेही काही सांगण्यासारखे असेल, असे थिएटरात फोन धरणाऱ्याला सुचले नाही. प्राणहितेकाठच्या सिरोंच्यात घरी-बाजारात तेलुगू चालते. चित्रपटाची तेलुगू आवृत्ती ७ मार्चला आली.

मंडपाचेही आता बरे चाललेले नाही. कोरोनात हंगाम बुडाला. त्यानंतर मुंबईच्या मालिकांतले चेहरे पाहुणे म्हणून आणायची चढाओढ वाढली आणि गावोगावी 'डान्स हंगामा' शिरला. त्यात संवादच नसतात, तेव्हा कुणी कशावर शेरा मारावा? २०२२मध्ये तृषांत इंगळे यांनी झाडीपट्टीतल्या कलावंतांना घेऊन 'झॉलीवूड' केला, या साऱ्या दुनियेची धमाल आणि मारामारी दाखवली. 'छावा'साठी ओसंडलेली गर्दी त्याच्या वाट्याला आली नाही.

'छावा' आला त्याच वर्षी, १५ ऑक्टोबरला, माओवादी नेता मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती याने गडचिरोलीत ६० साथीदारांसह मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रे ठेवली. सुरजागडचे लोहखनिज वाहणारे ट्रक रस्त्यांवर आहेतच. आता या युद्धावर चित्रपट निघतील, बहुधा पुष्कळ निघतील, आणि त्यांतल्या एखाद्या निर्मात्याला आधारासाठी कादंबरीही लागेल. मनोहरांची तयार आहे, त्यांनी ती भामरागडच्या जंगलात राहून लिहिली आहे. चित्रीकरण पचमढीत न करता इथे करावे, माडिया माणसांना माडियात बोलू द्यावे, आणि पहिला खेळ अंधेरीच्या मल्टिप्लेक्सऐवजी धानाचे चुरणे आटोपल्यावर कुरखेड्याच्या मंडपात लावावा. तिथे मरकेगावला गेलेल्या पोलिसाचा भाऊ असेल आणि दलममधून परतलेली बाईही असेल. दोघेही तिकीट काढून आलेले असतील, आणि पोलीस अधिकाऱ्याचे भाषण लांबले तर विनोदी नटाला हाक मारायचा हक्क दोघांनाही असेल.