एक ग्रॅम कोळशाची साक्ष

रिद्धपूरच्या घरोघरी महिन्याला विजेचे बिल येते. "किती आले?" एवढे विचारले जाते आणि कागद खिळ्याच्या तारेत ओवला जातो. विद्यार्थी मित्रहो, या वेळी तो जरा सवडीने वाचा. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार या ओळींच्या शेजारी 'इंधन समायोजन आकार' अशी एक ओळ दिसेल. तिच्यापुढचा आकडा एखाद्या महिन्यात चढतो, एखाद्या महिन्यात उतरतो, कधी शून्यही असतो. घरात दिवे तेवढेच लागले, पंखा तेवढाच फिरला, मग हा आकडा का हलला? याचे अर्धे उत्तर कोळशात आहे. उरलेले अर्धे आहे, कोळशाविषयी कोणी कोणाला काय कळवायचे या नियमांत.

वजन तेच, ऊब वेगळी

आपल्या वऱ्हाडात दोन मोठी औष्णिक विद्युत केंद्रे आहेत. अकोला जिल्ह्यात पारस येथे महानिर्मितीचे २५० मेगावॉटचे दोन संच आहेत. अमरावतीजवळ नांदगावपेठ येथील खासगी केंद्राची क्षमता १३५० मेगावॉट आहे. दोन्हीकडे कोळसा रेल्वेच्या वाघिणींतून येतो.

कोळसा आपण टनावर मोजतो, पण बॉयलरला टनाशी कर्तव्य नसते. त्याला हवी असते उष्णता. एक किलो कोळसा पूर्ण जळाला असता जितक्या किलोकॅलरी उष्णता मिळते, तो त्या कोळशाचा उष्मांक. आता एक सोपे गणित करू. समजा, एका केंद्राला एक युनिट वीज तयार करण्यासाठी २४०० किलोकॅलरी उष्णता लागते. (एक युनिट म्हणजे ८६० किलोकॅलरी. उरलेली उष्णता कोठे जाते, हे उष्मागतिकीच्या तासाला सरांना विचारा.) कोळशाचा उष्मांक ४००० असेल, तर एका युनिटला ०.६ किलो कोळसा पुरतो. तो ३६०० असेल, तर ०.६६७ किलो लागतो. उष्मांक १० टक्के घटला, पण कोळसा मात्र ११ टक्के जास्त लागला. असे का, ते स्वतः मांडून पाहा.

२५० मेगावॉटचा एक संच दिवसभर पूर्ण भाराने चालला, तर ६० लाख युनिट वीज होते. पहिल्या कोळशाने त्याला ३६०० टन लागतील, दुसऱ्याने ४००० टन. टनाचा भाव ४००० रुपये धरला, तर रोजचा फरक १६ लाख रुपये! दर युनिटला सुमारे २७ पैसे. शिवाय जास्तीची राख निघते ती वेगळीच.

हे पैसे शेवटी कोण देतो? वीज वापरणारा. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांचे बिल २०२४ पासून राज्य शासन भरते. पण म्हणून खर्च नाहीसा होत नाही, तो सरकारी तिजोरीतून जातो. मोर्शी-वरुडच्या संत्राबागेला पाणी देणारा पंप असो की तुमच्या अभ्यासाचा दिवा, कोळशाचा उष्मांक दोघांच्याही हिशेबात आहे.

चारशे कोटींतला एक

उष्मांक मोजतात बाँब कॅलरीमापकाने. नाव भयंकर असले, तरी उपकरण साधे आहे. पोलादी भांड्यात कोळशाची एक ग्रॅम बारीक पूड ठेवायची, आत सुमारे ३० वातावरण दाबाचा ऑक्सिजन भरायचा, भांडे पाण्यात बुडवायचे आणि विजेच्या तारेने पूड पेटवायची. पाणी किती तापले यावरून उष्णता काढायची. समजा, पाणी व उपकरण मिळून २५०० ग्रॅम पाण्याइतके आहेत. मग ४००० कॅलरी उष्णतेने तापमान केवळ १.६ अंश चढेल. ते वाचताना ०.१ अंशाची चूक झाली, तर उष्मांक २५० ने चुकेल!

ही चूक किती मोठी? आपल्या देशात २०१२ च्या आरंभापासून कोळशाच्या जी-१ ते जी-१७ अशा प्रती ठरलेल्या आहेत. जी-१ म्हणजे ७००० च्या वर. त्याखाली प्रत्येक प्रत ३०० किलोकॅलरींची. ४००१ ते ४३०० म्हणजे जी-११, ३७०१ ते ४००० म्हणजे जी-१२. भाव प्रतीवर ठरतो. म्हणजे तापमापीवरचा एक दशांश अंश जवळजवळ एका प्रतीचा घोटाळा करू शकतो.

पण खरी अडचण याच्याही आधीची आहे. मालगाडीच्या एका फेरीत सुमारे ४००० टन कोळसा येतो, म्हणजे ४०० कोटी ग्रॅम. त्यांतला एकच ग्रॅम जाळून आपण साऱ्या गाडीचा न्याय करणार! तो एक ग्रॅम सगळ्यांच्या वतीने बोलला पाहिजे. वाघिणीत ढेकळे, चुरा, मध्येच दगड असे सारे असते. नुसती चकाकती ढेकळे उचलली तर उष्मांक फुगेल, नुसता दगडमिश्रित चुरा उचलला तर घसरेल. म्हणून अनेक वाघिणींतून ठरलेल्या रीतीने थोडा थोडा कोळसा घेतात, फोडतात, मिसळतात, त्याचा ढीग करून चार भाग पाडतात आणि समोरासमोरचे दोन ठेवून बाकीचे टाकतात. हीच क्रिया पुन्हा पुन्हा करतात. शेवटच्या नमुन्याचे वाटे होतात: एक विकणाऱ्याला, एक घेणाऱ्याला आणि एक मोहोरबंद करून ठेवायचा. वाद झाला, तर तो मोहोरबंद नमुना पंचाचे काम करतो.

आकड्याबरोबर अट हवी

आता एक गंमत पाहा. खाणीवर उष्मांक ४३०० लिहिला आणि केंद्रावर ३९३४ भरला. लगेच चोरीचा संशय घ्यायचा का? थांबा. खाणीवरची प्रत ठरवताना नमुना ४० अंश तापमान आणि ६० टक्के आर्द्रता असलेल्या हवेत ठेवून स्थिर करतात. समजा, तेव्हा त्यात ६ टक्के पाणी होते. पावसात भिजून केंद्रावर पोचलेल्या त्याच कोळशात १४ टक्के पाणी आहे. आता ४३०० ला ८६ ने गुणा आणि ९४ ने भागा. उत्तर ३९३४! कोणी लबाडी केली नाही. पाण्याने जागा अडवली, इतकेच.

पण याचा अर्थ असाही होतो की, खरोखर दगड मिसळले गेले तरी कोणी "पावसाचे पाणी" म्हणून हात झटकू शकेल. यावर उपाय एकच. आकड्याबरोबर तो कोणत्या स्थितीत मोजला, कोठे मोजला आणि पाणी किती होते, हेही लिहिले पाहिजे.

कायदा काय विचारतो

आपला विद्युत कायदा २००३ चा आहे. त्याच्या कलम ७४ प्रमाणे वीजनिर्मिती कंपन्यांनी केंद्रीय विद्युत प्राधिकरण मागेल ती आकडेवारी देणे बंधनकारक आहे. कलम ६२ म्हणते की, विजेचे दर साधारणतः वर्षातून एकापेक्षा अधिक वेळा बदलू नयेत. अपवाद इंधन अधिभाराच्या सूत्राचा. बिलावरची ती ओळ या अपवादातून आली आहे. महाराष्ट्रात हे दर राज्य वीज नियामक आयोग ठरवतो. तो १९९९ मध्ये स्थापन झाला.

मौदा येथील एनटीपीसीच्या केंद्रासारखी केंद्रे केंद्रीय आयोगाच्या नियमांखाली येतात. त्या आयोगाच्या २०१४ च्या नियमांनी सांगितले की, आकार ठरवताना उष्मांक केंद्रावर कोळसा मिळाला त्या स्थितीतला धरावा. कोळसा किती आला, वाटेत किती घटला, किंमत व वाहतूक किती पडली, देशी किती, आयात किती, हे ठरलेल्या नमुन्यात भरून वीज घेणाऱ्यांना द्यावे आणि संकेतस्थळावर तीन महिने ठेवावे. खाणीपासून दूरच्या केंद्राला वाटेतील घट ०.८ टक्क्यापर्यंतच मान्य होते. ४००० टनांवर ती ३२ टन भरते. त्याहून अधिक सांडले, तर तो भार ग्राहकावर टाकता येत नाही.

अमेरिकेतही असेच आहे. तेथे २००८ पासून ९२३ क्रमांकाचा एक नमुना वीज केंद्रांकडून भरून घेतात. त्यात इंधनाची किंमत, उष्णता, राख आणि गंधक यांची विचारणा असते. मात्र खुल्या बाजारात वीज विकणाऱ्या केंद्रांची इंधनाची किंमत तेथे जाहीर होत नाही, कारण ती व्यापारी गुपित मानली जाते. लोकांना किती सांगायचे, हा प्रश्न तिकडेही सुटलेला नाही.

पडताळणी

पडताळणी ही गोष्ट रिद्धपूरला नवी नाही. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी लीळाचरित्रासाठी आठवणी जमवल्या, तेव्हा ज्यांनी प्रसंग पाहिले होते त्यांना शोधून विचारले आणि नागदेवाचार्यांकडून त्या तपासून घेतल्या. कोणी सांगितले, कशावरून सांगितले, याला तेथे मोल होते. कोळशाच्या नमुनापत्रकालाही हाच प्रश्न विचारायचा असतो.

जाता जाता एक उदाहरण देतो. एका केंद्रात ३६०० उष्मांकाचा देशी कोळसा तीन भाग आणि ५४०० चा आयात कोळसा एक भाग जाळला. सरासरी उष्मांक किती? ज्याचे उत्तर ४५०० येईल, त्याने पुन्हा गणित करावे, कारण त्याच्या उत्तराने कोळसा कागदावर आहे त्यापेक्षा चांगला ठरतो. बरोबर उत्तर ४०५० आहे. एवढा फरक ओळखणारी मुले गावोगावी झाली, तर त्या नमुनापत्रकांना वाचकही मिळतील. आणि वाचक असला की लिहिणाराही जपून लिहितो.