अमोनियाचा धडा आणि भातखाचरातला युरिया: नत्र जाते कुठे?

हेदवी आणि गुहागर तालुक्याच्या किनारपट्टीतील गावांत जुलै महिना म्हणजे लावणीचे दिवस. याच दिवसांत शाळा-कॉलेजही सुरू झालेले असते. विज्ञान शाखेच्या मुलांना रसायनशास्त्रात 'हेबर पद्धत' शिकावी लागते. हवेतील नायट्रोजनपासून अमोनिया कसा बनवतात, तापमान किती, दाब किती, उत्प्रेरक कोणता, हे प्रश्न परीक्षेत ठरलेले असतात. बहुतेक मुले ते पाठ करतात आणि विसरतात.

खरे तर घरी आणलेले युरियाचे पोते याच धड्यातून आलेले असते. तो धडा नीट समजला तर फोकून दिलेला युरिया खाचरातून कुठे नाहीसा होतो आणि तो कसा वाचवावा, हेही समजते. शिकणारी मुले आणि शेती करणारे पालक अशा दोघांसाठी ही माहिती येथे दिली आहे.

हवेतले नत्र पिकाला का मिळत नाही?

हवेत सुमारे ७८ टक्के नायट्रोजन, म्हणजेच नत्र असते. तरीही भात नत्राअभावी पिवळा पडतो. याचे कारण असे, की हवेतील नायट्रोजनचे दोन अणू एकमेकांना तिहेरी बंधाने घट्ट धरून असतात. हा बंध तोडण्याची ताकद भाताच्या मुळांत नाही. पिकाला नत्र लागते ते अमोनियम किंवा नायट्रेट या रूपात. हवेतील नत्र या रूपात आणण्याचे काम निसर्गात काही जिवाणू करतात आणि थोडे विजेच्या कडकडाटाने होते. मोठ्या प्रमाणावर ते खत कारखान्यात केले जाते.

कारखान्यात अमोनिया कसा तयार होतो?

पुस्तकातील समीकरण शब्दांत असे आहे: नायट्रोजनचा एक रेणू आणि हायड्रोजनचे तीन रेणू यांच्यापासून अमोनियाचे दोन रेणू तयार होतात. जर्मन शास्त्रज्ञ फ्रिट्झ हेबर यांनी १९०९ मध्ये हे प्रयोगशाळेत करून दाखवले. कार्ल बॉश यांनी त्याचा कारखाना उभा केला आणि १९१३ मध्ये जर्मनीतील ओपाऊ येथे उत्पादन सुरू झाले.

महाराष्ट्रात हे काम राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्स म्हणजे आरसीएफच्या कारखान्यांत होते. मुंबईत ट्रॉम्बे येथे आणि रायगड जिल्ह्यात अलिबागजवळ थळ येथे तिचे कारखाने आहेत. थळचा कारखाना मुंबईजवळच्या समुद्रात सापडलेल्या नैसर्गिक वायूवर उभा राहिला आणि १९८०च्या दशकाच्या मध्यापासून तेथे युरिया बनतो.

कारखान्यातील टप्पे थोडक्यात असे:

१. नैसर्गिक वायू आणि पाण्याची वाफ निकेल उत्प्रेरकावरून सुमारे ८०० अंश सेल्सिअस तापमानात नेतात. त्यातून हायड्रोजन मिळतो.
२. पुढच्या टप्प्यात मोजून हवा सोडतात. हवेतील ऑक्सिजन जळून जातो आणि नायट्रोजन मिश्रणात राहतो.
३. कार्बन मोनॉक्साइडचे कार्बन डायऑक्साइडमध्ये रूपांतर करून तो वेगळा काढतात. तो फेकून देत नाहीत. युरियासाठी लागतो.
४. उरलेला नायट्रोजन आणि हायड्रोजन लोखंडाच्या उत्प्रेरकावरून मोठ्या दाबाखाली नेतात. येथे अमोनिया तयार होतो.
५. अमोनिया थंड करून द्रवरूपात बाजूला काढतात आणि उरलेला वायू पुन्हा फिरवतात.

गुहागर तालुक्यातील वाचकांना यातील कच्चा माल अनोळखी नाही. तालुक्याच्या उत्तर टोकाला अंजनवेलच्या टर्मिनलवर जहाजाने येतो तोही नैसर्गिक वायूच. उणे १६२ अंशांपर्यंत थंड करून तो द्रवरूपात आणतात.

परीक्षेतला महत्त्वाचा प्रश्न: ४५० अंशच का?

ही क्रिया दोन्ही दिशांनी चालते. अमोनिया तयार होतो आणि तयार झालेला अमोनिया पुन्हा तुटतोही. अमोनिया तयार होताना उष्णता बाहेर पडते, म्हणून कमी तापमानात अमोनियाचे प्रमाण जास्त राहते. पण तापमान फार कमी ठेवले तर क्रिया इतकी संथ होते की कारखाना चालवणे परवडत नाही. म्हणून मधला मार्ग काढतात: सुमारे ४०० ते ५०० अंश तापमान, लोखंडाचा उत्प्रेरक आणि हवेच्या दाबाच्या साधारण १५० ते २५० पट दाब. चार रेणूंचे दोन रेणू होत असल्याने दाब वाढवला की अमोनियाकडे कल वाढतो.

एवढे करूनही एका फेरीत मिश्रणाचा थोडाच भाग अमोनियात बदलतो. म्हणून तयार झालेला अमोनिया सतत बाजूला काढतात. तो काढला की समतोल राखण्यासाठी नवा अमोनिया तयार होत राहतो. हा मुद्दा लक्षात ठेवावा. खाचरात नेमके हेच घडते, पण तिथे ते आपल्या तोट्याचे असते.

पोत्यामागे किती ऊर्जा लागते?

अमोनिया आणि तिसऱ्या टप्प्यात वेगळा काढलेला कार्बन डायऑक्साइड यांच्यापासून युरिया बनतो. युरियात ४६ टक्के नत्र असते. म्हणजे ४५ किलोच्या पोत्यात जवळपास २१ किलो नत्र मिळते.

भारतात एक टन युरिया बनवण्यासाठी साधारण ५५ ते ६० लाख किलोकॅलरी ऊर्जा लागते. त्या हिशोबाने एका पोत्यामागे घरगुती गॅसच्या दीड ते पावणेदोन सिलिंडरइतकी ऊर्जा खर्च होते. शेतकऱ्याला पोते सुमारे २६७ रुपयांना मिळते, कारण उरलेला मोठा खर्च केंद्र सरकार अनुदानातून भरते. पोते स्वस्त असल्याने युरिया सढळ हाताने फोकला जातो. मात्र पाणी साचलेल्या खाचरात फोकून दिलेल्या युरियातील साधारण ३० ते ४० टक्केच नत्र भाताला मिळते. म्हणजे पोत्यातील २१ किलोंपैकी ६ ते ८ किलो.

खाचरातून नत्र जाण्याचे तीन मार्ग

१. वाहून आणि झिरपून जाणे. युरिया पाण्यात लगेच विरघळतो आणि विरघळलेला युरिया मातीचे कण धरून ठेवत नाहीत. रत्नागिरी जिल्ह्यात पावसाळ्यात ३,००० मि.मी.हून अधिक पाऊस पडतो. हेदवी परिसरातील उतारावरच्या खाचरांत बांधावरून पाणी सतत खालच्या खाचरात जाते. फोकणीनंतर लगेच मोठी सर आली तर युरिया त्या पाण्याबरोबर व्हाळाला लागतो.

२. हवेत उडून जाणे. मातीतील युरिएज नावाचे विकर काही दिवसांत युरियाचे अमोनियममध्ये रूपांतर करते. अमोनियम आणि अमोनिया यांच्यातही कारखान्यासारखाच समतोल असतो. पाण्याचा सामू ७ असताना शंभरात जेमतेम एक भाग अमोनिया वायूच्या रूपात असतो. सामू ९ झाला की हे प्रमाण तिसऱ्या हिश्श्याहून जास्त होते. पावसाने उघडीप दिली आणि ऊन पडले, की खाचरातील शेवाळ पाण्यातील कार्बन डायऑक्साइड वापरते आणि दुपारी पाण्याचा सामू चढतो. वारा तो अमोनिया उडवून नेतो, त्याची जागा भरण्यासाठी आणखी अमोनियमचा अमोनिया होतो. कारखान्यात अमोनिया बाजूला काढून उत्पादन वाढवतात, इथे वारा तो बाजूला काढून आपले नत्र कमी करतो.

३. परत नायट्रोजन होऊन जाणे. पाण्याखालील मातीच्या अगदी वरच्या पातळ थरात थोडा ऑक्सिजन असतो. तिथे अमोनियमचे नायट्रेट होते. हे नायट्रेट खालच्या ऑक्सिजन नसलेल्या थरात उतरले की जिवाणू त्याचे पुन्हा नायट्रोजन वायूत रूपांतर करतात. जो तिहेरी बंध एवढी ऊर्जा खर्चून तोडला, तो पुन्हा जुळतो आणि नत्र हवेत परत जाते. पाणी वारंवार आटवणे आणि भरणे यामुळे हे नुकसान वाढते.

निमकोटेड युरियामुळे तिसऱ्या मार्गाने होणारे नुकसान काही प्रमाणात कमी होते, कारण निंबोळीचा लेप नायट्रेट बनण्याचा वेग कमी करतो. पहिल्या दोन मार्गांवर तो पुरेसा उपाय नाही.

उपाय: युरिया मातीच्या आत द्यावा

तिन्ही मार्ग सुरू होतात ते पाण्यातून आणि मातीच्या वरच्या थरातून. म्हणून नत्र खोल, ऑक्सिजन नसलेल्या थरात दिले तर ते अमोनियमच्या रूपात मातीच्या कणांना धरून राहते आणि मुळांना सावकाश मिळते. याच तत्त्वावर डॉ. नारायण सावंत यांनी विकसित केलेल्या चारसूत्री भात लागवडीत युरिया-डीएपी ब्रिकेट वापरतात. कोकणातील खाचरांत ही पद्धत अनेक वर्षे वापरात आहे.

- अंतर: दोरी लावून १५ आणि २५ सें.मी. अशा आलटून पालटून ओळींत लावणी करावी. त्यामुळे चार चुडांचे १५ सें.मी.चे चौकोन तयार होतात.
- ब्रिकेट: लावणीच्याच दिवशी, चिखल मऊ असताना, प्रत्येक चौकोनाच्या मधोमध २.७ ग्रॅमची एक ब्रिकेट ७ ते १० सें.मी. खोल खोचावी आणि भोक चिखलाने बुजवावे.
- प्रमाण: एका गुंठ्याला सुमारे ६२५ ब्रिकेट, म्हणजे अंदाजे १ किलो ७०० ग्रॅम लागतात. यातून साधारण ५८० ग्रॅम नत्र आणि ३०० ग्रॅम स्फुरद मिळते.
- तुलना: सुधारित भातासाठी हेक्टरी १०० किलो नत्राची मात्रा फोकून द्यायची तर गुंठ्याला सुमारे २ किलो २०० ग्रॅम युरिया लागतो. ब्रिकेटमध्ये नत्र त्याच्या सुमारे ६० टक्केच लागते.
- पालाश: ब्रिकेटमध्ये पालाश नसते. ते माती परीक्षणानुसार वेगळे द्यावे.

ब्रिकेट खोचल्यावर खाचरात चालणे टाळावे. समुद्राजवळच्या ज्या रेताड जमिनीत पाणी लगेच झिरपते तिथे खोल दिलेले नत्रही खाली निघून जाऊ शकते. तेथे थोडा थोडा युरिया हप्त्यांनी देणे बरे. ब्रिकेट खोचायला मजुरी जास्त लागते, म्हणून पहिल्या वर्षी एक-दोन खाचरांत करून पाहावे आणि उत्पादनाची तुलना करावी.

फोकूनच द्यायचा असेल तर

- पूर्ण मात्रा एकदम न देता लावणी, फुटवे आणि पोटरी अशा अवस्थांत विभागून द्यावी.
- आधी खाचरातील पाणी कमी करावे, युरिया चिखलात मिसळावा आणि एक-दोन दिवसांनी पाणी भरावे.
- मोठ्या पावसाची शक्यता असेल त्या दिवशी, तसेच भर दुपारी साचलेल्या पाण्यात युरिया देऊ नये.
- वरच्या खाचरात खत दिल्यावर बांधाचे तोंड बंद ठेवावे.
- राख किंवा चुना युरियात मिसळू नये. दोन्हींमुळे सामू चढतो आणि अमोनिया लगेच उडतो. तांबड्या आम्लयुक्त जमिनीत चुना द्यायचा असल्यास तो लावणीच्या दोन-तीन आठवडे आधी द्यावा.

कारखान्याशिवाय मिळणारे नत्र

कडधान्यांच्या मुळांवरील गाठींतले जिवाणू तोच तिहेरी बंध नेहमीच्या तापमानात, दाबाशिवाय तोडतात. त्यासाठी लागणारी ऊर्जा त्यांना झाडाकडून साखरेच्या रूपात मिळते. भातानंतर ओलाव्यावर घेतलेला कुळीथ किंवा कडवा वाल हे काम करतो. धाटे उपटून नेण्याऐवजी कापून घ्यावीत, म्हणजे गाठींसह मुळे जमिनीत राहतात. बांधावरच्या गिरिपुष्पाचा कोवळा पाला गुंठ्याला सुमारे ३० किलो, लावणीच्या आठ-दहा दिवस आधी चिखलात गाडावा. यावर सगळी गरज भागत नाही, पण विकत आणायचा युरिया कमी होतो आणि जमिनीत सेंद्रिय पदार्थ वाढतात.

शाळेत करता येणारा प्रयोग

दोन सारख्या काचेच्या बरण्यांत खाचरातील ओली माती भरावी. पहिलीत चमचाभर युरिया मातीवर पसरावा. दुसरीत तेवढाच युरिया सात-आठ सें.मी. खोल ठेवून वर चिखल दाबावा. दोन्हीकडे युरियासोबत चिमूटभर कच्च्या कुळथाचे पीठ घालावे. कुळथात युरिएज विकर असते, त्यामुळे क्रिया लवकर होते. झाकणाच्या आतल्या बाजूस ओला लाल लिटमस कागद चिकटवून बरण्या बंद कराव्यात आणि रोज पाहाव्यात. अमोनिया बाहेर आला की कागद निळा होतो. वर पसरलेल्या युरियाच्या बरणीत तो आधी निळा झालेला दिसेल. बरणी उघडताना नाक जवळ नेऊ नये.

थोडक्यात

- अमोनिया बनवताना खर्च होते ती ऊर्जा तिहेरी बंध तोडून नत्र पिकाच्या उपयोगी रूपात आणण्यासाठी. खाचरात वर फोकलेला युरिया बराचसा हवेत किंवा पाण्यात परत जातो.
- खोल खोचलेली ब्रिकेट कमी नत्रात पिकाची गरज भागवते.
- राख, चुना, भर दुपारचे ऊन आणि मोठी सर यांच्या वेळी युरिया देऊ नये.
- खताची मात्रा माती परीक्षण अहवाल पाहून ठरवावी. त्यासाठी कृषी सहायक किंवा दापोली येथील डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाच्या तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.