मेंदूतील लिम्फोमा : निदानापूर्वीचे एक इंजेक्शन

साठीच्या आसपासचा माणूस काही आठवड्यांतच विसराळू होतो, बोलताना अडखळतो, घरात असूनही अलिप्त राहतो. वय झाले, असे घरची मंडळी म्हणतात. पुढे एक हात लुळा पडतो किंवा फीट येते. २०२३ मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला तरी अशा रुग्णासाठी रामाकोन्याची वाट आजही नागपूरचीच. तेथे एमआरआयमध्ये गाठ दिसते. आपल्याकडे अशा वेळी क्षयाची गाठ प्रथम मनात येते आणि ते योग्यही आहे. परंतु क्वचित ती लिम्फोमाची, म्हणजे लसिकापेशींच्या कर्करोगाची, असते. शरीरात इतरत्र कोठेही नसताना तो मेंदूत, मज्जारज्जूत अथवा डोळ्यांत उद्भवतो. एचआयव्हीबाधितांत व अवयवप्रत्यारोपण झालेल्यांत त्याचा धोका अधिक. मुलांत तो अत्यंत विरळ. आढळल्यास आम्ही बालरोगतज्ज्ञ जन्मजात प्रतिकारक्षमतेतील उणीव शोधतो.

खरी अडचण निराळीच आहे. सूज उतरावी म्हणून डेक्सामेथासोन दिले जाते. हे स्टेरॉईड केवळ सूजच उतरवीत नाही, लिम्फोमाच्या पेशीही मारते. चार दिवसांत रुग्ण चालू लागतो, गाठ वितळते, आणि मग बायोप्सीत मृत पेशींखेरीज काही हाती लागत नाही. सोबत क्षयाची औषधे चालू असतील तर श्रेय त्यांना मिळते! काही आठवड्यांनी वा महिन्यांनी गाठ परतते. म्हणून लिम्फोमाची शंका असून रुग्ण स्थिर असेल, तर आधी बायोप्सी, नंतर स्टेरॉईड. मेंदूवरील दाबाने जीव धोक्यात असेल तर मात्र क्षणभरही थांबू नये. औषध, मात्रा व वेळ चिठ्ठीवर स्पष्ट लिहावी. "इंजेक्शन दिले" एवढ्याने पुढच्या डॉक्टरांना काहीच कळत नाही.

बायोप्सी कवटीच्या लहानशा छिद्रातून सुईने होते. रोग मेंदूत विखुरलेला असल्याने सहसा संपूर्ण गाठ काढण्याचा अट्टाहास नसतो. एचआयव्ही, नेत्रतपासणी, सुरक्षित असल्यास पाठीतील पाणी आणि सर्वांगाचे स्कॅन हेही आवश्यक.

उपचाराचा कणा मेथोट्रेक्सेट. १९४८ मध्ये सिडनी फार्बर यांनी ल्युकेमियाग्रस्त मुलांना दिलेल्या अमिनॉप्टेरिनचे हे भावंड. त्या औषधांमागे आपल्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांचे संशोधन होते. सांधेवाताचा रुग्ण ते आठवड्याला पंधरा मिलिग्रॅम घेतो. मेंदूत पुरेसे उतरावे म्हणून येथे दर चौरस मीटरला तीन ग्रॅम वा अधिक, म्हणजे एका वेळी सुमारे पाच ग्रॅम, शिरेतून द्यावे लागते. सोबत भरपूर सलाईन, लघवी अल्कधर्मी ठेवणे, चोवीस तासांनंतर ल्युकोव्होरिन आणि रक्तातील पातळीची मोजणी. रिटुक्सिमॅब बहुधा जोडले जाते. प्रकृती साथ देत असेल तर पुढे स्वतःच्या मूलपेशींचे प्रत्यारोपण. संपूर्ण मेंदूला किरणोपचार उपयोगी पडतो. पण वृद्धांची स्मृती त्यात खालावते. उपचाराविना आयुष्य काही महिन्यांचे. उपचाराने काही रुग्ण अनेक वर्षे जगतात.

दोन आवर्तनांच्या मधल्या काळात रुग्ण गावी असतो. ताप, तोंडातील फोड, कमी झालेली लघवी दिसताच त्याला परत पाठवावे. अंगदुखीची तक्रार केली तरी डायक्लोफेनॅक टोचू नये. त्याने मेथोट्रेक्सेट मूत्रपिंडातून बाहेर पडण्यास विलंब होतो. को-ट्रायमोक्साझोलही उपचार करणाऱ्या केंद्राला फोन करून विचारल्याशिवाय देऊ नये.