कोयता निघण्याआधी पोरांची कागदं काढा! ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी शिष्यवृत्ती कोणती, अर्ज कधी, विचारायचं कुणाला?

बीड, प्रतिनिधी :

दसरा झाला की मुकादमाचे फोन सुरू होतात. उचल आधीच घेतलेली असते, त्यामुळं नाही म्हणायची सोय नसते. दिवाळीच्या आगंमागं ट्रॅक्टर-ट्रक भरून टोळ्या निघतात. कुणी सांगली-कोल्हापूरकडं, कुणी सोलापूर-पुण्याकडं, कुणी थेट कर्नाटकात. कारखान्याचा पट्टा पडून माणसं परत येईपर्यंत मार्च-एप्रिल उजाडतो.

आता शाळेचं वेळापत्रक बघा. आठवीच्या मुलांची एनएमएमएस शिष्यवृत्ती परीक्षा गेल्या काही वर्षांपासून डिसेंबरात होते. नवोदयची प्रवेश परीक्षा हिवाळ्यात. दहावी-बारावीची बोर्डाची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये. म्हणजे ज्या पाच-सहा महिन्यांत पोराचं पुढचं ठरतं, नेमक्या त्याच महिन्यांत आई-बाप फडात असतात. सरकारच्या योजना आहेत, पैसाही आहे. पण तो घ्यायला त्या वेळी गावात कुणी नसतं. म्हणून जे करायचं ते गाडी भरण्याआधीच करावं लागतं.

आधी प्रश्न राहण्याचा

मूल गावात राहिलं तरच शाळा टिकते. त्यासाठी तीन वाटा आहेत.

पहिली वाट हंगामी वसतिगृहाची. आई-बाप कारखान्याला गेल्यावर मूल आजी-आजोबांकडं किंवा नातेवाइकांकडं राहतं आणि त्याच्या जेवणाची सोय शाळा व्यवस्थापन समितीमार्फत होते. यासाठी हंगामाआधी शाळेत यादी तयार होते. आपलं नाव यादीत आहे का, हे मुख्याध्यापकांना स्वतः जाऊन विचारा.

दुसरी वाट संत भगवानबाबा शासकीय वसतिगृहाची. २०२१ मध्ये राज्य सरकारनं ऊसतोड मजुरांची संख्या जास्त असलेल्या ४१ तालुक्यांत मुलांचं एक आणि मुलींचं एक, अशा ८२ वसतिगृहांना मंजुरी दिली. प्रत्येकाची क्षमता १०० ठरली. पहिली वसतिगृहं भाड्याच्या इमारतींत सुरू झाली. आपल्या तालुक्यातलं सुरू आहे का आणि जागा आहे का, हे समाजकल्याण कार्यालयात कळतं. त्यासाठी ग्रामपंचायतीमार्फत मिळणारं ऊसतोड कामगाराचं ओळखपत्र काढून ठेवा.

तिसरी वाट नवोदय विद्यालयाची. सहावीपासून राहणं, जेवण आणि शिक्षण मोफत. किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांना असतात. पण अट लक्षात ठेवा. मूल ज्या जिल्ह्यातून परीक्षा देणार, त्याच जिल्ह्यात पाचवीला पूर्ण वर्ष शिकत असलं पाहिजे. मधेच नाव काढून फडावर नेलं तर ही संधी हातची जाते.

आणि मूल सोबत न्यावंच लागलं तर? शाळेतून शिक्षण हमी पत्रक मागून घ्या. त्यावर कारखान्याजवळच्या शाळेत प्रवेश मिळतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार दाखला यायला उशीर झाला म्हणून आठवीपर्यंतच्या मुलाला कोणतीही सरकारी किंवा अनुदानित शाळा प्रवेश नाकारू शकत नाही.

आठवीची एक परीक्षा, चार वर्षांची सोय

एनएमएमएस म्हणजे राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती. यात निवड झाली की नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. चार वर्षांचे ४८,००० होतात. राज्यात ही परीक्षा पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते.

अटी अशा : मूल सरकारी, जिल्हा परिषद किंवा अनुदानित शाळेत आठवीत हवं. सातवीला ५५ टक्के गुण हवेत, अनुसूचित जाती-जमातीला ५ टक्के सूट. आई-वडिलांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं. सरकारी निवासी शाळेतल्या मुलांना ही शिष्यवृत्ती मिळत नाही. सरकारी वसतिगृहात राहणाऱ्यांनीही अर्जाआधी मुख्याध्यापकांना विचारून घ्यावं.

दोन पेपर असतात. एक बुद्धिमत्तेचा, दुसरा शाळेतल्या अभ्यासाचा. प्रत्येकी ९० प्रश्न, वेळ ९० मिनिटं. पेपर मराठीत असतो. दोन्हीत ४० टक्के (अनुसूचित जाती-जमातीला ३२ टक्के) पडले की मूल पात्र ठरतं. मग गुणवत्ता यादी लागते.

यादीत नंबर लागला नाही म्हणून नाराज होऊ नका. मराठा, कुणबी, मराठा-कुणबी समाजातली मुलं परीक्षेत पात्र ठरली पण यादीत आली नाहीत, तर त्यांना सारथी संस्थेकडून वर्षाला ९,६०० रुपये मिळतात. त्याचा अर्ज वेगळा असतो. तो शाळेमार्फत भरायचा.

पैसे मंजूर, पण खात्यात नाहीत

घोळ बहुतेक वेळा इथं होतो. समजा, पोरगं पास झालं. आता ऑनलाइन फॉर्म भरायचा. आधारला मोबाइल नंबर बापाचा. बाप फडात, फोनला रेंज नाही, नाहीतर रिचार्ज संपलेला. ओटीपी येतो आणि मुदत संपून जातो. पोरगं केंद्रावर दिवसभर बसून परत येतं. चार-पाच दिवसांनी फॉर्मची तारीखही निघून जाते.

यावर उपाय साधा आहे. मुलाच्या आधारला आणि बँक खात्याला असा नंबर जोडा की जो हंगामात गावात सुरू राहील. आजोबा, मावशी, मोठा भाऊ, कुणीही घरचं. मुकादमाचा किंवा दुकानदाराचा नंबर देऊ नका. दहा वर्षांवरच्या मुलाला स्वतःच्या नावानं बचत खातं उघडता येतं. खात्याला आधार जोडलंय का, हे बँकेत जाऊन तपासा. नुसतं पासबुक असून भागत नाही. मूल पंधरा वर्षांचं झालं की आधारवर बोटांचे ठसे नव्यानं द्यावे लागतात. ते राहिलं तरी काम अडतं.

दुसरी चूक नूतनीकरणाची. एनएमएमएसचा अर्ज दरवर्षी पोर्टलवर नव्यानं चालू ठेवावा लागतो. नववीतून दहावीत पहिल्याच प्रयत्नात जायला हवं आणि दहावीला ६० टक्के हवेत, अनुसूचित जाती-जमातीला ५ टक्के सूट. अकरावीला कॉलेज बदललं आणि अर्ज कुणी पुढं नेलाच नाही, तर मिळणारे पैसे तिथंच थांबतात.

दहावी-बारावीनंतर काय?

तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी शिकायचं तर खोली आणि मेसचा खर्च मोठा. वसतिगृहात नंबर लागला नाही तरी वाट बंद होत नाही. अनुसूचित जातीसाठी स्वाधार, अनुसूचित जमातीसाठी स्वयम् आणि ओबीसी, भटके-विमुक्त, विशेष मागास प्रवर्गासाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. या सावित्रीबाई फुले योजनेत शहर कोणतं आहे त्यावरून वर्षाला ३८ हजारांपासून ६० हजारांपर्यंत रक्कम थेट खात्यात येते. मराठा आणि खुल्या प्रवर्गातल्या अल्पभूधारक व नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता योजना आहे.

मुलींच्या बापांनी हे नीट वाचावं. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना इंजिनिअरिंग, फार्मसी, नर्सिंग अशा व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. प्रवेश मात्र सरकारी प्रवेश फेरीतून हवा, मॅनेजमेंट कोट्यातून नको. फी परवडत नाही म्हणून बारावीनंतर पोरीचं लग्न उरकण्याआधी एकदा चौकशी करा.

यात सगळ्यात जास्त अडवतं ते जात पडताळणी प्रमाणपत्र. पुरावा जुना लागतो. अनुसूचित जातीला १९५० च्या आधीचा, भटक्या-विमुक्तांना १९६१ च्या आधीचा, ओबीसीला १९६७ च्या आधीचा. आजा-पणजा शाळेतच गेला नाही, तर दाखला आणायचा कुठून? अशा वेळी तहसीलमध्ये जुनं कोतवाल बुक, म्हणजे गावची जन्म-मृत्यूची नोंदवही शोधायला अर्ज करा. पणजोबांच्या नावापुढं जात लिहिलेली सापडू शकते. हे काम बारावीच्या निकालानंतर आठ दिवसांत होत नाही. अकरावीतच सुरुवात करा.

पैशाइतकीच ओळख लागते

मास्तरच्या पोराला कोणती शाखा घ्यायची, कोणतं कॉलेज चांगलं, हे घरातच कळतं. फडातल्या पोरानं कुणाला विचारायचं? हुशार पोरं गुणांत मागं पडत नाहीत, माहितीत मागं पडतात. ओळख म्हणजे वशिला नाही. ज्यानं ती वाट आधी तुडवली, त्याचा फोन नंबर म्हणजे ओळख.

प्रत्येक गावात असं कुणीतरी असतं. पोलिसात लागलेला, नर्स झालेली, पुण्यात कंपनीत असलेला. शाळेनं अशा माजी विद्यार्थ्यांची यादी करून नववी ते बारावीच्या दोन-दोन मुलांना एकेक जण जोडून द्यावा. महिन्यातून एक फोन पुरेसा आहे. फॉर्म कधी निघतो, खोली कुठं स्वस्त मिळते, पहिल्या वर्षी इंग्रजीचं काय केलं, एवढं विचारलं तरी मुलाची भीती निम्मी होते.

गावाबाहेरही दारं आहेत. पुण्यात १९५५ पासून चालणारी विद्यार्थी साहाय्यक समिती ग्रामीण भागातल्या गरजू मुला-मुलींना कमी खर्चात वसतिगृह देते आणि तिथले माजी विद्यार्थी पुढच्या मुलांना मदत करतात. लोणार तालुक्यातल्या शेतकरी कुटुंबातून लंडनला शिकायला गेलेले राजू केंद्रे यांनी सुरू केलेली एकलव्य संस्था घरातल्या पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्यांना देशातल्या नामांकित विद्यापीठांपर्यंत पोचायला मार्गदर्शन करते.

‘शिष्यवृत्ती मंजूर करून देतो’ म्हणून पैसे मागणाऱ्यांपासून मात्र लांब राहा. शिष्यवृत्ती मिळवून द्यायला कुणाला टक्केवारी द्यावी लागत नाही. ओटीपी तर कुणालाच सांगू नका.

गाडी भरण्याआधी एवढं करा

- उत्पन्नाचा, जातीचा आणि रहिवासी दाखला काढा. ओबीसी, भटक्या-विमुक्तांनी नॉन-क्रिमीलेअरही काढावं. सगळ्याचे मोबाइलवर स्पष्ट फोटो ठेवा.
- मुलाचं आधार, बँक खातं आणि गावात राहणारा मोबाइल नंबर एकमेकांना जोडा.
- हंगामी वसतिगृहाच्या यादीत नाव आहे का बघा.
- आठवीत मूल असेल तर एनएमएमएसचा अर्ज भरला का, हे शाळेत विचारा. परीक्षेची तारीख कागदावर लिहून आजीजवळ द्या.
- वर्गशिक्षकांचा नंबर जवळ ठेवा आणि रविवारी रेंजमध्ये आलात की एक फोन करा.

हे सगळं करायला दोन-तीन दिवस मोडतात. ऐन तयारीच्या घाईत दोन दिवसांचा रोज बुडतो, हेही खरं. पण आजाच्या हातात कोयता, बापाच्या हातात कोयता, हे पोरावर थांबवायचं असेल तर ते दोन दिवस दसऱ्याच्या आधीच काढावे लागतील.