दगडमासा

विषारी प्राणी म्हटला की तो अंगावर धावून येणारा, अशी आपली समजूत असते. उष्ण समुद्रांतील पोवळ्यांच्या खडकांत राहणारा दगडमासा या समजुतीत बसत नाही. तो नुसता पडून राहतो. शास्त्रज्ञ त्याला ‘सिनॅन्सिया व्हेरुकोजा’ म्हणतात. यातील दुसऱ्या शब्दाचा अर्थ चामखिळींनी भरलेला. तांबड्या समुद्रापासून ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफपर्यंत व त्यापलीकडे पॅसिफिकच्या बेटांपर्यंत त्याची वस्ती आहे. आपल्या अंदमान व लक्षद्वीप बेटांकडेही तो आढळतो.

लांबी फार तर ४० सेंटिमीटर. अंगावर खवले नाहीत. खडबडीत कातडीवर शेवाळ वाढते. छातीच्या रुंद परांनी वाळू उकरून तो स्वतःला अर्धा पुरून घेतो. लहान मासा टप्प्यात आला की त्याचा जबडा उघडतो आणि पाण्याबरोबर भक्ष्य आत ओढले जाते. हा सारा कारभार सुमारे ०.०१५ सेकंदात आटोपतो.

मग विष कशासाठी? शिकारीसाठी नव्हे, ते केवळ संरक्षणासाठी. पाठीवर बहुधा १३ काटे असतात व प्रत्येकाच्या दोन्ही अंगांना विषाच्या पिशव्या. वरून दाब पडला की पिशव्या चेपतात आणि विष काट्याच्या खोबणीतून जखमेत शिरते. म्हणजे मासा डंख मारीत नाही. त्याच्यावर पाय देणारा तो आपल्या हाताने ओढवून घेतो.

पण हा पाय कोणाचा? झांझिबारच्या किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी बायका खडकांवरून हिंडून शिंपले व माखले गोळा करतात. असा काटा भरला तर कळ असह्य होते, पाय सुजतो, प्रसंगी जिवावरही बेतते. कारखान्यात अपघात झाला की ‘कामगाराचे लक्ष नव्हते’ असे लिहून मोकळे होणारे अहवाल आम्ही पुष्कळ वाचले आहेत. येथेही ‘बघून चाला’ असे सांगणे सोपे आहे. परंतु न दिसणे हीच ज्याची उपजीविका, तो बघून कसा दिसावा? जाड तळव्याचे पादत्राण हाच खरा बंदोबस्त. पातळ तळवा काटा भेदून जातो.

तरीही काटा लागलाच, तर पाय सोसवेल इतक्या, सुमारे ४५ अंश सेंटिग्रेडच्या, गरम पाण्यात अर्धा ते दीड तास ठेवावा. पाणी आधी चांगल्या पायाने अजमावावे, नाहीतर भाजायचे. विष प्रथिनांचे असल्याने उष्णतेने निकामी होते. म्हणूनच काटे काढून शिजवलेला हा मासा जपानात व हाँगकाँगला आवडीने खातात. गरम पाण्याने कळ उतरली तरी दवाखाना टाळू नये. ऑस्ट्रेलियात कॉमनवेल्थ सीरम लॅबोरेटरीजने १९५९ साली यावर प्रतिविष काढले.

प्रतिविष शहरातल्या दवाखान्यात असते आणि काटा भरतो तो दूरच्या खडकावर. मधल्या वेळात जीव सावरायचा तो चुलीवरच्या पाण्याने. एवढे ज्ञान ज्याच्या पायाला धोका आहे त्याच्यापर्यंत पोचले पाहिजे, असे आम्हांस वाटते.