हाडवैद्य, मालिशवाला की भौतिकोपचारतज्ज्ञ?

सोयाबीनच्या काढणीच्या दिवसांत धाराशिव जिल्ह्यातील कोणत्याही गावी जा, कमरेत उसण भरलेली दोन-चार माणसे तरी भेटतीलच. तिच्यावर जुना उपाय ठरलेला आहे. पायाळू, म्हणजे जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले असा माणूस शोधायचा आणि त्याचा पाय कमरेला लावून घ्यायचा! गंमत अशी, की बहुतेकांना बरे वाटते. याचे कारण पायाळूच्या पायात नसून उसणीत आहे. फार वेळ वाकून राहिल्याने पाठीचे स्नायू आखडतात आणि बहुधा थोड्याच दिवसांत आपोआप सैल पडतात. मधल्या काळात जो उपाय केला, त्याला श्रेय मिळते.

मालिशने ऊब येते, वेदना काही काळ कमी होते. थकलेल्या अंगाला ती अवश्य करावी. पण बोट किंवा मान मोडताना 'कट्' आवाज झाला, की 'हाड जागेवर बसले' असे सांगतात, ते खरे नव्हे. सांधा ताणला, की त्यातील वंगणासारख्या द्रवावरचा दाब एकाएकी घटतो व तेथे वायूची पोकळी तयार होते. २०१५ साली एमआरआय यंत्रात बोट ओढून शास्त्रज्ञांनी ही पोकळी प्रत्यक्ष पाहिली.

हाडवैद्याची बाब मात्र गंभीर आहे. मोडलेले हाड शरीरच जोडते. बांबूच्या कामट्या काय किंवा प्लास्टर काय, त्याला स्थिर ठेवण्यापुरते. काही हाडवैद्यांचा हात खरोखर सराईत असतो. पण क्ष-किरण चित्राशिवाय हाड कोठे व कसे मोडले, हे नेमके कळणार कसे?

समजा, चिंचेच्या झाडावरून पडून एखाद्या मुलाचे हाड कोपराच्या वर मोडले. तेथून हाताची मुख्य रोहिणी जाते. हात सुजू लागतो आणि वरून पट्टी घट्ट! आतील दाब वाढून बारीक रक्तवाहिन्या मिटतात. सुमारे सहा तास रक्त मिळाले नाही, तर स्नायू मरू लागतात व पुढे बोटे कायमची आकडतात. जर्मन शल्यविशारद फोल्कमान यांनी १८८१ साली या विकृतीचे वर्णन केले. बोटे सरळ करताना असह्य कळ येणे, ती बधिर किंवा पांढरी पडणे, ही धोक्याची खूण होय. अशा वेळी पट्टी ताबडतोब सैल करावी आणि रात्र असली तरी रुग्णालय गाठावे.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या भूकंपात सास्तूरसारख्या गावांत दगडमातीच्या जाड भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या. अशा अपघातात पाठीचा कणा मोडलेला असू शकतो. जखमीला बसवून पाठ चोळली किंवा हातापायांना धरून उचलले, तर आतील मज्जारज्जू दुखावण्याचा धोका असतो. त्याला फळीवर सरळ न्यावे.

मग भौतिकोपचारतज्ज्ञाचे काम कोणते? प्लास्टर निघाले, की हात बारीक झालेला आणि सांधा ताठर झालेला दिसतो. स्नायूला काम नसले, की तो झिजतो. कोणता स्नायू किती अशक्त आहे, सांधा किती अंशांपर्यंत वळतो, हे मोजून तज्ज्ञ व्यायाम ठरवतो. करायचा मात्र रुग्णाने स्वतः! मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात या विषयाचे विद्यालय १९५३ साली सुरू झाले. महाराष्ट्रात या व्यवसायासाठी २००२ चा परिषद कायदा आहे, तेव्हा नोंदणी आहे का, हे खुशाल विचारावे.

हा तज्ज्ञ मुलाचे ताठरलेले कोपर जोराने ओढत नाही, की चोळत नाही. दुखापत झालेल्या कोपराला जबरदस्त मालिश केली, तर कधी कधी आसपासच्या स्नायूतच नवे हाड तयार होते आणि हात आणखीनच वळेनासा होतो.