आठ जागांचं अंतर

१९९८ च्या जूनमध्ये एनबीएच्या संघांनी नवे खेळाडू निवडले, तेव्हा त्या ड्राफ्टमध्ये कॉलेजची पायरीही न चढलेली तीन मुलं होती. हायस्कूल संपवून थेट व्यावसायिक बास्केटबॉलच्या दारात उभी राहिलेली. अल हॅरिंग्टनचा क्रमांक लागला पंचविसावा, रशार्ड लुईसचा बत्तिसावा आणि कोर्लिओन यंगचा चाळिसावा. लुईसला पुढे २००७ मध्ये ऑर्लँडोच्या संघानं सहा वर्षांसाठी सुमारे ११.८ कोटी डॉलरचा करार दिला. यंग एनबीएत तीन सामने खेळला. तिन्ही मिळून तो कोर्टवर होता १५ मिनिटं. दोघंही दुसऱ्या फेरीत निवडले गेले होते आणि त्यांच्या क्रमांकांत अंतर होतं फक्त आठ जागांचं.

या खेळातले आकडे ऐकले की आपली नजर पहिल्या रकमेवरच खिळते. मला वाटतं, ती दुसऱ्या आकड्यावर, त्या पंधरा मिनिटांवर, जास्त वेळ थांबायला हवी.

आधी गर्दी किती आहे ते पाहू. अमेरिकेच्या हायस्कुलांत, चार इयत्ता मिळून, साधारण ५ लाख ४० हजार मुलगे शाळेच्या संघातून बास्केटबॉल खेळतात. वानखेडे स्टेडियम सोळा वेळा काठोकाठ भरावं एवढी ही मुलं. त्यातली एनसीएए या संघटनेच्या कॉलेज संघांपर्यंत पोहोचतात ती शंभरात तीन-साडेतीन. एनबीएच्या ड्राफ्टमध्ये वर्षाला जागा असतात साठाच्या आसपास, म्हणजे एका एसटीत दाटीवाटीनं मावतील एवढ्या. त्यातल्याही काही युरोप-आफ्रिकेतून आलेली मुलं नेतात. शिवाय निवड झाली म्हणजे नोकरी लागली असं नव्हे. ३० संघ, प्रत्येकी १५ नियमित करार, म्हणजे जागा ४५०, आणि त्या आधीच कुणीतरी अडवून बसलेलं असतं.

पहिल्या फेरीत निवडलेल्याला काही वर्षांच्या पगाराची हमी नियमानंच मिळते. दुसऱ्या फेरीत अशी हमी नसते. संघाला वाटलं तर करार, नाहीतर ऑक्टोबरच्या आत घरी. अठरा वर्षांच्या मुलाला हा फरक कागदावर कळतो, पण ‘तू पहिल्या फेरीतच जाणार’ असं आजूबाजूचा प्रत्येक माणूस सांगत असताना तो मनात उतरत नाही.

एवढी घाई सुरू कशी झाली? १९७४-७५ मध्ये मोझेस मलोन, डॅरिल डॉकिन्स आणि बिल विलोबी हे तिघं शाळेतून थेट व्यावसायिक झाले. त्यानंतर वीस वर्षं ही वाट जवळजवळ बंदच होती. १९९५ मध्ये केविन गार्नेटनं ती उघडली. दोनच वर्षांनी, एकविसाव्या वर्षी, मिनेसोटाच्या संघानं त्याला सहा वर्षांसाठी १२.६ कोटी डॉलर देऊ केले. त्या संघाच्या मालकानं अख्खा संघ विकत घेतला होता ८.८५ कोटी डॉलरना. एका मुलाचा करार संपूर्ण संघाच्या खरेदीपेक्षा महाग!

हा आकडा देशभरच्या शाळकरी खेळाडूंनी ऐकला, तसाच बाकीच्या मालकांनीही ऐकला. पगारांना लगाम घालायचा म्हणून १ जुलै १९९८ पासून मालकांनी टाळेबंदी केली. गार्नेटचा करार हे तिचं एकमेव कारण नव्हतं, पण मालकांच्या भीतीला त्यानंच चेहरा दिला. टाळेबंदी जानेवारी १९९९ पर्यंत चालली आणि ८२ सामन्यांचा हंगाम ५० वर आला. म्हणजे यंग आणि लुईस निवडले गेले आणि आठवडाभरात संघांची दारं बंद झाली. नवख्या मुलाला ज्या सहा महिन्यांत प्रशिक्षक, सराव आणि शिस्त यांची सर्वाधिक गरज, तेच सहा महिने त्याला संघाच्या सरावगृहात पाऊलही टाकता येत नव्हतं. यंगचं पुढं जे झालं त्याचा हिशेब मांडताना लोक त्याच्या निर्णयावर बोट ठेवतात. हे सहा महिने मात्र विसरतात.

गाजावाजाच्या बाबतीत शिखर गाठलं ते लेब्रॉन जेम्सनं. फेब्रुवारी २००२ मध्ये ‘स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड’च्या मुखपृष्ठावर तो झळकला तेव्हा तो सतरा वर्षांचा होता. त्याच डिसेंबरात त्याच्या शाळेचा सामना राष्ट्रीय वाहिनीवर दाखवला गेला. एनबीएत एकही सामना खेळण्याआधी नायकेनं त्याच्याशी जो करार केला तो होता सुमारे ९ कोटी डॉलरचा, तेव्हाच्या दरानं ४२० कोटी रुपयांच्या घरात. आणि हा मुलगा त्या रकमेला पुरून उरला. २०२४ मध्ये कारकिर्दीत ४० हजार गुण करणारा तो पहिला खेळाडू ठरला.

पण २००१ च्या उन्हाळ्यात न्यू जर्सीतल्या एबीसीडी शिबिरात देशातला अव्वल शाळकरी खेळाडू म्हणून ज्याचं नाव घेतलं जात होतं, तो लेनी कुक होता. तिथं लेब्रॉनच्या संघाशी त्याची गाठ पडली. लेब्रॉननं २४ गुण केले, कुकनं ९, आणि शेवटच्या क्षणी लांबून चेंडू टाकून लेब्रॉननंच सामना जिंकून दिला. पुढच्या वर्षी कुकनं ड्राफ्टसाठी नाव दिलं. दोन्ही फेऱ्यांत ते कुणीही उच्चारलं नाही. तो एनबीएत कधीच खेळला नाही. ही शिबिरं बूट विकणाऱ्या कंपन्यांच्या पैशावर चालत. शंभर मुलांवर पैसा लावायचा आणि एक चमकला की सगळं वसूल, हा त्यांचा हिशेब. कंपनीला तो परवडतो. मुलाजवळ मात्र लावायला एकच आयुष्य असतं, आणि याचा मला खरोखर राग येतो.

१९९५ ते २००५ या काळात ३९ मुलं हायस्कूलमधून थेट निवडली गेली. गार्नेट, कोबी ब्रायंट आणि लेब्रॉन या तिघांनी मिळून सर्वोत्तम खेळाडूचा किताब सहा वेळा जिंकला. ज्याला ‘फसलेला’ म्हणून हिणवलं गेलं, तो २००१ चा पहिल्या क्रमांकाचा क्वामी ब्राऊनसुद्धा बारा हंगाम टिकला आणि त्यानं सहा कोटी डॉलरहून जास्त कमावले. म्हणजे ही मुलं खेळायला नालायक होती, असं आकडे म्हणत नाहीत.

तरी एनबीए आणि खेळाडूंची संघटना यांच्यातल्या २००५ च्या करारानं दार बंद केलं. किमान वय १९ आणि हायस्कूल संपून किमान एक वर्ष झालेलं हवं. मुलांच्या भल्यासाठी, असं सांगण्यात आलं. प्रत्यक्षात संघांना एक वर्ष जास्त पारखायला मिळालं, आणि मुलं त्या वर्षात कॉलेजांसाठी खेळली. २०१० मध्ये एनसीएएच्या मार्चमधल्या स्पर्धेचे प्रक्षेपण हक्क १४ वर्षांसाठी १,०८० कोटी डॉलरना विकले गेले. ज्यांना बघायला लोक टीव्हीसमोर बसत, त्यांना मिळत असे शिष्यवृत्ती.

दार बंद होण्याआधी शाळेतून थेट निवडला गेलेला शेवटचा मुलगा अमीर जॉन्सन. क्रमांक ५६, यंगपेक्षा सोळा जागा खाली. संघ डेट्रॉइट, यंगला ज्यानं घेतलं होतं तोच. जॉन्सन एनबीएत चौदा हंगाम खेळला. मधल्या काळात काय बदललं होतं? २००१ मध्ये एनबीएनं डी-लीग ही दुय्यम स्पर्धा सुरू केली होती. डेट्रॉइटनं जॉन्सनला तिथं खेळायला पाठवलं, चुका करू दिल्या आणि परत बोलावलं. यंगच्या वेळी चुका करायला अशी जागाच नव्हती.

अशी जागा असली म्हणजे हमखास जमतंच असंही नाही. पंजाबातल्या बल्लो के गावचा सतनामसिंग २०१० मध्ये, चौदाव्या वर्षी, फ्लोरिडाच्या अकादमीत गेला. सात फूट दोन इंच उंचीचा हा मुलगा २०१५ मध्ये डॅलसनं ५२ वा निवडला. एनबीए संघानं ड्राफ्टमध्ये निवडलेला तो पहिला भारतीय. डी-लीगमध्ये तो दोन हंगाम राहिला. तिथला तेव्हाचा पगार वर्षाला साधारण १९ ते २६ हजार डॉलर. एनबीएचा सामना त्याला मिळाला नाही. पुढे तो व्यावसायिक कुस्तीकडे वळला.

आज पैसा आणखी लवकर येतो. २०२१ पासून कॉलेजच्या खेळाडूंना स्वतःच्या नावावर कमावता येतं. २०२५-२६ पासून एकेक विद्यापीठ आपल्या सगळ्या खेळाडूंत मिळून वर्षाला २.०५ कोटी डॉलरपर्यंत थेट वाटू शकतं. अटलांटातली ‘ओव्हरटाइम एलिट’ ही स्पर्धा २०२१ मध्ये सुरू झाली ती सोळा वर्षांच्या मुलांना वर्षाला किमान एक लाख डॉलर देऊ करत. बातम्यांमध्ये हीच रक्कम गाजली. त्याच करारात आणखी एक कलम होतं: मुलगा व्यावसायिक खेळाडू झाला नाही, तर त्याच्या कॉलेजच्या फीसाठी एक लाख डॉलरपर्यंत बाजूला ठेवायचे. बूट कंपनी असो, विद्यापीठ असो की संघ, अल्पवयीन मुलाची सही घेणाऱ्या प्रत्येकाला हे कलम सक्तीचं करायला हवं.